तोरणमाळची पानगळ, भाड्याच्या गाडीने : दोन दिवसांच्या फेरीचं परीक्षण

धुळ्याहून किंवा जळगावहून सातपुड्यातल्या तोरणमाळला ड्रायव्हरसह गाडी ठरवताना बहुतेकजण विचारतात, एसी आहे ना, गाडी कोणत्या सालची, मागची सीट ऐसपैस आहे का. पानगळ बघायला जायचं असेल तर आधी विचारायचं ते वेगळंच: घाटात दहा-बारा वेळा गाडी थांबवाल का? मनापासून ‘हो’ म्हणणारा ड्रायव्हर मिळाला तर जुनी बोलेरोही चालते. कुरकुरणारा मिळाला तर नवी कोरी गाडीसुद्धा काचेमागून डोंगर दाखवते आणि संध्याकाळी घरी आणून सोडते. म्हणून या सेवेचं मोजमाप गाडीच्या सजावटीवर करता येत नाही. ते हंगाम, भाड्याचा हिशेब आणि थांबे या तीन गोष्टींवर करावं लागतं.

हंगाम चुकला की बाकी सगळं वाया जातं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात काश्मीरच्या चिनारांचे आणि अमेरिकेतल्या मेपलचे फोटो मोबाइलवर फिरू लागतात, आणि इकडे दिवाळीच्या सुटीत तोरणमाळची गाडी ठरते. त्या दिवसांत सातपुडा देखणा असतो, पण हिरवा असतो. चिनार आणि मेपल थंडीला आणि लहान होत जाणाऱ्या दिवसाला जागतात. सातपुड्याचं शुष्क पानझडी जंगल पाण्याला जागतं. पाऊस संपल्यावर डोंगरउतारावरची पातळ माती पौष-माघापर्यंत कोरडी पडत जाते आणि पानांतून उडून जाणारं पाणी मुळांकडून भरून निघेनासं होतं. मग झाड पानातला जमेल तेवढा कस परत ओढून घेतं. हरितद्रव्य मोडतं, त्याखाली आधीपासून असलेला पिवळा रंग उघडा पडतो, काही झाडांत त्याच दिवसांत तांबडा रंग नव्याने तयार होतो, आणि देठाच्या बुडाशी पेशींचा एक थर सुटा होऊन पान खाली येतं. त्यामुळे आपल्याकडे पानगळ बघायचे दिवस म्हणजे जानेवारीचा शेवटचा आठवडा ते मार्चचा मध्य. परतीचा पाऊस रेंगाळला की हे दिवस पुढे सरकतात. पाऊस लवकर आटोपला तर संक्रांतीलाच पायथ्याचे उतार पिवळे दिसू लागतात.

सप्टेंबर-ऑक्टोबरात सागाचे पट्टेच्या पट्टे तपकिरी पडलेले दिसतात आणि ‘यंदा पानगळ लवकर आली’ अशी बातमी गावभर होते. ती पानगळ नव्हे. पान हातात घेऊन उजेडाकडे धरा: शिरा जागच्या जागी, मधला गर गायब, पान जाळीदार चाळणीसारखं. ती सागाची पानं खरवडून खाणाऱ्या अळीची करणी असते. खऱ्या पानगळीतलं सागाचं पान जाड, खरखरीत आणि हातभर लांब असतं. ते पिवळं पडून, कडांकडून करपत, फांद्यांवर ठेचकाळत खाली येतं. गाडीचं इंजिन बंद केलं की तो आवाज पन्नास पावलांवरूनही ऐकू येतो.

सगळी झाडं एकदम रंगत नाहीत, आणि या जंगलाची खरी गंमत तिथेच आहे. साग आधी पिवळा पडतो. त्याच्या मागोमाग धावडा तांबूस होतो. या फेरीत एकच झाड जवळून बघायचं असेल तर ते धावड्याचं. पान लहान, लंबगोल, बोटाएवढं. चिंच लावून घासलेल्या तांब्याच्या तपेल्याला जो रंग येतो, तो या पानाला फेब्रुवारीत येतो, आणि मागून ऊन आलं की अख्खी फांदी पेटल्यासारखी दिसते. पायथ्याला सालई तोवर उघडी झालेली असते. तिच्या खोडाची कागदासारखी साल पापुद्र्यांनी सुटून वाऱ्यावर फडफडते. कांडोळ ओळखायला कुणाला विचारावं लागत नाही. पांढरंफटक गुळगुळीत खोड, अंगावर एक पान नाही, आणि सभोवार तांबूस धावडा. रात्री गाडीच्या दिव्यात हे झाड बघून लोक दचकतात म्हणून त्याला ‘भुत्या’ म्हणतात. मार्च लागला की पानगळ मागे पडते आणि रंग उलट दिशेने येतो. पळस निष्पर्ण होऊन केशरी फुलतो. ओढ्याकाठचा कुसुम, म्हणजे कोशिंब, लालबुंद कोवळी पालवी काढतो, आणि लांबून तीच पानगळ वाटते. अंजन मात्र शेवटपर्यंत हिरवा राहतो. आपट्याच्या पानाची लहान भावंडं वाटावीत अशी त्याची जोडपानं उन्हाळ्याच्या तोंडाशी गळतात आणि पाठोपाठ गुलाबी-तांबूस पालवी फुटते. एकच फेरी जमणार असेल तर फेब्रुवारीचे मधले दोन आठवडे धरावेत. पळस आणि कुसुम हवा असेल तर होळीच्या आधीचा आठवडा.

तारीख पक्की करण्याआधी पंचांग उघडून बघा. महाशिवरात्रीला तोरणमाळला गोरखनाथाची मोठी यात्रा भरते. त्या दोन-तीन दिवसांत घाटात वाहनांची रांग लागते आणि थांबायला जागा मिळत नाही. यात्रेला जायचं तर यात्रेसाठीच जावं. होळीच्या आधी सातपुड्यातल्या गावोगावी भोंगऱ्या बाजार भरतो. बाजाराच्या दिवशी धडगावकडच्या रस्त्यांना माणसांची आणि जीपगाड्यांची गर्दी असते, तेव्हा तासभर जास्तीचा धरून चाला. बाजार बघण्यासारखा आहे, पण पावरा आणि भिल्ल बायाबापड्यांच्या तोंडासमोर न विचारता कॅमेरा धरू नये.

आता भाड्याचा हिशेब. या फेरीत गिऱ्हाईक सगळ्यात जास्त इथेच फसतं, आणि त्यात गाडीवाल्याची लबाडी असतेच असं नाही. हिशेबाची पद्धतच या फेरीला गैरसोयीची आहे. धुळ्याहून दोंडाईचामार्गे शहादा सुमारे ९५ किलोमीटर, शहाद्याहून म्हसावदमार्गे तोरणमाळ सुमारे ५५. वर फिरायला ४० धरा. परत येताना शहादा, प्रकाशा, नंदुरबार, दोंडाईचा असा फेरा घेतला तर सगळं मिळून ३७५ ते ४०० किलोमीटर होतात. बाहेरगावच्या भाड्यात मात्र दिवसाला किमान २५० किंवा ३०० किलोमीटर लावायची रीत आहे. ३०० ची अट असेल तर दोन दिवसांचे ६०० किलोमीटर बिलात येतात, गाडी चालो वा न चालो. म्हणजे दोनशे किलोमीटरचे पैसे न फिरता जातात. ही रीत शिर्डी-पंढरपूरच्या लांब पल्ल्याला ठीक आहे. पानगळीच्या फेरीत गाडी कमी चालते आणि जास्त उभी राहते.

त्यापेक्षा ‘दिवसाचं भाडं अधिक डिझेल’ असा सौदा करावा. दर गावागणिक आणि गाडीगणिक वेगळे असतात, पण फरक कळावा म्हणून आकडे मांडून बघू. किलोमीटरला १४ रुपये धरले तर ६०० किलोमीटरचे ८,४०० होतात. तीच सात आसनी गाडी दिवसाला २,००० ने ठरली तर दोन दिवसांचे ४,०००. घाट धरून लिटरला १२ किलोमीटरची सरासरी मिळाली तर ३७५ किलोमीटरला ३१ लिटरच्या आसपास डिझेल लागतं. लिटरला ९२ रुपये धरले तर ते २,८५० च्या घरात जातं. एकूण ६,८५०. दोन्ही प्रकारांत ड्रायव्हरचा भत्ता, रात्रीचा मुक्काम आणि टोल वेगळे, आणि ते आधीच बोलून घ्यायचे. ड्रायव्हर रात्री कुठे झोपणार हेही विचारा. तोरणमाळची फेब्रुवारीतली रात्र गाडीत काढायला लावली तर सकाळी उतरताना तो माणूस पेंगलेला असतो, आणि घाटात ते परवडणारं नाही. त्याच्या खोलीचे पैसे देणं हा खर्च नव्हे, तुमच्याच जिवाची काळजी आहे.

नंबरप्लेट पिवळी असावी. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी ओळखीने स्वस्तात मिळते, पण ती भाड्याने चालवणं कायद्यात बसत नाही आणि अपघात झाला तर विम्याचा दावा अडतो. दोन-तीन हजार वाचवण्यासाठी हा धोका पत्करू नये.

गाडी दारात आली की दहा मिनिटं तिच्यासाठी काढा. टायरच्या खाचांत एक रुपयाचं नाणं उभं धरून बघा; खाच अगदीच उथळ दिसली तर दुसरी गाडी मागा. स्टेपनीत हवा आहे का, जॅक आणि पाना आहे का, हे प्रत्यक्ष बघा. ‘आहे ना दादा’ एवढ्यावर भागत नाही, कारण रस्त्याकडेच्या बोरी-बाभळीच्या काट्यांनी पंक्चर होणं ही या भागातली नेहमीची गोष्ट आहे. इंजिन थंड असतानाच कूलंटची पातळी बघावी. ब्रेक दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली जात असेल तर त्या गाडीने घाट चढू नये. काचा खालीवर होतात का हेही तपासा. एसीच्या नादात हे कुणी बघत नाही, आणि पानगळ उघड्या काचेतूनच बघायची असते.

सकाळी सहाला धुळं सोडलं तर साडेआठच्या सुमारास शहाद्यात पोहोचता येतं. टाकी इथेच भरून घ्या, रोख पैसेही इथेच काढा. वर ऑनलाइन पैसे देण्यावर भिस्त ठेवता येत नाही, कारण मोबाइलची रेंज घाटात येते-जाते. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा. म्हसावद मागे पडलं की केळी-पपईची हिरवी शेती संपते आणि उघडे डोंगर समोर येतात. पहिला थांबा इथेच घ्यावा, पायथ्याची पहिली टेकडी लागल्याबरोबर. खालच्या उतारांवरची माती सगळ्यात पातळ, त्यामुळे पानगळ इथे पुढे गेलेली असते. वर चढत जावं तसे तिचे आधीचे टप्पे दिसत जातात: उघडी सालई, मग तांबूस धावडा, मग पिवळा साग, आणि ओढ्याच्या घळीत अजून हिरवीगार राहिलेली जांभूळ आणि करंज. एकाच दिवसात महिन्याभराचा काळ उलटा बघायला मिळतो. हे बघायला प्रत्येक पट्ट्यात थांबावं लागतं, आणि ‘आठे थांबूत’ (इथे थांबू) असं स्वतःहून म्हणणारा अहिराणी बोलणारा ड्रायव्हर इथे लाख मोलाचा.

काळापाणी सोडलं की घाटाची चढण सुरू होते. सातपायरी घाटाची वळणं लागोपाठ आहेत. इथे चालवणाऱ्याची पारख होते. चढताना पहिला-दुसरा गिअर, एसी बंद, आणि क्लचवर पाय ठेवून गाडी तोलायची नाही. चढावर थांबायचं तर हँडब्रेक लावायचा. उतरताना ज्या गिअरवर चढलो त्याच गिअरवर उतरायचं. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून गाडी सोडून देणारे ड्रायव्हर आजही भेटतात. त्यांना तिथल्या तिथे थांबवा. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा अटकाव जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापून जळका वास सुटतो आणि मग पेडल दाबूनही गाडी आवरत नाही. असा वास आलाच तर सपाट जागी गाडी लावून अर्धा तास थांबावं, आणि तापलेल्या चाकांवर पाणी ओतू नये. तापलेली डिस्क एकदम गार पडली की वाकते किंवा तडकते. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा नियम आहे. तो पाळणारा ड्रायव्हर बाकीचेही नियम पाळतो, असा अनुभव बहुतेकांना येतो.

पानगळीच्या दिवसांत या रस्त्यावर दोन धोके वाढतात, आणि चांगले ड्रायव्हरही त्यांत चुकतात. रस्त्याकडेची गटारं सागाच्या पानांनी काठोकाठ भरतात आणि रस्त्याच्या पातळीला येतात. समोरच्या गाडीला जागा द्यायला बाजू घेतली की चाक धप्पकन आत जातं. बाजू घेण्याआधी कुणीतरी खाली उतरून काठीने चाचपावं. दुसरा धोका आगीचा. पानांच्या ढिगावर गाडी कधीही उभी करू नये. घाट चढून आलेल्या गाडीच्या पोटाखालचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाचा धूर स्वच्छ करणारा भाग, काही शे अंशांपर्यंत तापलेला असतो. प्रदूषणाच्या बीएस-६ मानकाच्या डिझेल गाडीत धुराच्या गाळणीत साचलेली काजळी आपोआप जाळली जाते, आणि ते चालू असलं तर हा भाग आणखी तापतो. खाली वाळलेला साग असला तर पेट घ्यायला वेळ लागत नाही. गाडी नेहमी डांबरावर, मुरमावर किंवा झाडून घेतलेल्या जागेवर उभी करायची. फेब्रुवारीच्या मध्यापासून वन खातं वणव्यांच्या काळजीत असतं. रस्त्याकडेला काळे जळके पट्टे दिसतात, त्यांतल्या पुष्कळ जाळरेषा असतात. वणवा पसरू नये म्हणून त्या मुद्दाम जाळलेल्या असतात. मार्चमध्ये मोहाखालची जागा फुलं वेचायला साफ केलेली असते. तिथे गाडी घालू नये, ती कुणाच्या तरी वर्षाच्या कमाईची जागा आहे. विडी-सिगारेट आणि रस्त्याकडेची चूल हे विषय तर काढूच नयेत.

तोरणमाळ समुद्रसपाटीपासून ११०० मीटरच्या वर आहे. शहाद्यापेक्षा हवा पाच-सहा अंशांनी गार. शहाद्यात दुपारी अंगातून घाम निघतो आणि वर संध्याकाळी स्वेटर लागतो, म्हणून दोन्ही कपडे हाताशी ठेवा. यशवंत तलावाचा काठ संध्याकाळी चारनंतर उत्तम. उन्हं तिरपी झाली की पलीकडची झाडं पाण्यात उतरतात. सीताखाईचा धबधबा पावसाळ्यातला. फेब्रुवारीत तिथे पाण्यासाठी गेलात तर निराश व्हाल. दरीच्या उतारावरचे रंग बघायला गेलात तर तासभर सहज जाईल. खडकी पॉइंट सकाळसाठी ठेवा. कुठेही उभे राहा, सूर्य आणि तुमच्या मध्ये झाड येईल असं उभं राहा. पाठीवर ऊन घेऊन बघितलेला धावडा नुसता तपकिरी दिसतो. दुपारी अकरा ते साडेतीन जंगल रंगहीन असतं. तो वेळ जेवणाला आणि झोपेला द्यावा.

मुक्कामाला वन खात्याचं विश्रामगृह, पर्यटन महामंडळाची निवासव्यवस्था आणि काही खासगी खोल्या असे पर्याय आहेत. शनिवार-रविवारी आधी ठरवल्याशिवाय जाऊ नये. खोली बघताना गरम पाणी कधी मिळतं आणि पांघरुणं किती, हे दोनच प्रश्न पुरेत. जेवण बहुतेक ठिकाणी सांगितल्यावर रांधतात, म्हणून पोहोचल्याबरोबर रात्रीचं सांगून ठेवा. भाकरी, उडदाची डाळ आणि मिरचीचा ठेचा सांगा. पनीरच्या भाज्यांचा हट्ट धरू नका. खालून वर आलेलं पनीर किती वेळ प्रवासात होतं ते कुणालाच ठाऊक नसतं. शेवभाजी आणि भरीत पायथ्याला खाल्लेलं बरं, आणि भरीत खायचं तर फेब्रुवारीतच. उन्हं तापली की वांग्यात बिया भरतात आणि काड्यांवर भाजलं तरी ती गोडी येत नाही. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी मिळाली तर सोडू नका.

परतीला आल्या वाटेने धुळ्याकडे न वळता शहाद्याहून प्रकाशा, नंदुरबार असं यावं. प्रकाशाला तापीकाठी अर्धा तास पुरतो. नंदुरबारजवळ मिरचीच्या पथाऱ्या लागतात. एकरच्या एकर जमिनीवर लाल मिरची वाळत घातलेली असते, आणि धावड्याच्या तांब्याने डोळे भरलेले असताना हा लाल रंग बघणं हे या फेरीचं सगळ्यात चांगलं शेवटचं पान. पथारीचा हंगाम फेब्रुवारीत सरत येतो, म्हणून मार्चच्या फेरीत हे गृहीत धरू नका. आत जायचं तर मालकाला किंवा मुकादमाला विचारून, चपला काढून, आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभं राहून. लहान मुलांना आणि दम्याच्या माणसांना गाडीतच बसू द्या, काचा बंद ठेवून. ठसका लागला की तासभर थांबत नाही.

एवढं सगळं धरून, ड्रायव्हरसह गाडी ही या फेरीसाठी सगळ्यात चांगली सोय आहे. स्वतः चालवणाऱ्याचे डोळे वळणावर असतात, झाडावर नसतात. शहाद्याहून एसटी आणि काळीपिवळी जीप स्वस्त पडतात, पण त्या तुमच्यासाठी धावड्याखाली थांबणार नाहीत. मोटारसायकलवाल्यांनी सकाळचं दव असताना पानं पडलेल्या वळणांवर पुढचा ब्रेक जपून वापरावा. एका दिवसात जाऊन येण्याचं पॅकेज कुणी देत असेल तर ते घेऊ नका. त्यात घाट नेमका भर दुपारी लागतो.

निघताना आणि परतल्यावर किलोमीटरच्या आकड्याचा फोटो काढून ठेवा, डिझेलच्या पावत्या जपा आणि हिशेब गाडीतून उतरण्याआधीच मिटवा. बॉनेट आणि पुढच्या काचेच्या मधल्या फटीत सागाच्या पानांचे तुकडे अडकलेले असतात. ते ड्रायव्हरला दाखवून काढायला सांगा. तिथून पाणी वाहून जायची वाट बुजली की पहिल्याच पावसात ते पाणी ब्लोअरमधून गाडीत येतं.